ठेका कोणाचा?

कलावंताने राजकारणात पडावे की न पडावे, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उकरून काढला जातो आणि दर वेळी तो चुकीच्या टोकाला धरून लढवला जातो. ज्याच्या श्रमाचे मोल दुसरा कोणी ठरवतो, ज्याने निर्माण केलेल्या वस्तूवर मालकी तिसऱ्याची असते आणि कोणत्या उपाहारगृहात बसून जेवता येईल हे ज्याच्या कातडीच्या रंगावर ठरते, तो कलावंत राजकारणात केव्हाच ओढला गेलेला असतो. त्याने ते ओळखले आहे की नाही, एवढाच काय तो प्रश्न. अमेरिकन जॅझ संगीतातील ड्रमवादक आणि वाद्यवृंदप्रमुख मॅक्स रोच (१९२४–२००७) यांनी ते ओळखले होते. मोर्चात सामील होणारे कलावंत पुष्कळ झाले. रोच यांचे वेगळेपण असे की ठेका, मजुरी आणि नागरिकत्व हे तीन प्रश्न त्यांनी कधी वेगवेगळे मानले नाहीत. आणि त्याची किंमतही त्यांनी रोखीने मोजली.

त्यांचा जन्म उत्तर कॅरोलिना राज्यातल्या पास्क्वोटँक परगण्यातला. ते चार वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. दक्षिणेतील शेतमजुरी आणि वर्णभेदी कायदे मागे टाकून उत्तरेकडील शहरांत आलेल्या लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ते एक. आई चर्चमध्ये भक्तिगीते गात असे. मुलाच्या हातात ड्रमच्या काड्या आल्या त्या तेथेच, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास. १९४२ साली शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या अठरा वर्षांच्या मुलाला ड्यूक एलिंग्टन यांच्या विख्यात वाद्यवृंदात, आजारी पडलेल्या सनी ग्रीअर यांच्या जागी, काही रात्री वाजवण्याची संधी मिळाली. येथपर्यंतची कथा कोणत्याही गुणी वादकाच्या चरित्रात शोभेल अशी आहे.

परंतु ड्रम हे वाद्य अमेरिकेत निरागस नाही. दक्षिण कॅरोलिनातील स्टोनो नदीच्या परिसरात १७३९ साली गुलामांनी बंड केले, तेव्हा ते ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीच्या विधिमंडळाने जो कायदा केला, त्यात गुलामांना ढोल बाळगण्यास व वाजवण्यास मनाई करण्यात आली. ढोलाच्या आवाजात निरोप असतो आणि निरोपातून संघटना होते, हे मळेवाल्यांना नेमके कळले होते. शोषकांचे कलेविषयीचे आकलन पुष्कळदा समीक्षकांपेक्षा चांगले असते!

आज ज्याला ड्रमसेट म्हणतात, त्या वाद्याची घडणही एक श्रमकथाच आहे. बँडमध्ये पूर्वी मोठा ढोल, लहान ढोल आणि झांजा वाजवायला निरनिराळी माणसे लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी पायाने ढोल वाजवण्याची पेडले आली. १९०९ साली लुडविग बंधूंनी काढलेले पेडल विशेष प्रसिद्ध झाले. आता तिघांचे काम एक माणूस करू लागला. उत्पादकता तिप्पट झाली, मजुरी मात्र एकाचीच राहिली. इतके करून ड्रमवादकाचे स्थान कोणते, तर सर्वांत मागे. नाचणाऱ्यांच्या पावलांना ताल पुरवणे हे त्याचे काम. संगीत निर्माण करतात ते पुढे उभे राहिलेले ट्रंपेट आणि सॅक्सोफोनवाले, अशी सर्वमान्य समजूत होती. चिक वेब यांच्यासारखा एखादा ड्रमवादक १९३०च्या दशकात वाद्यवृंदाचा नायक झाला, हे खरे. पण तो अपवादच.

ही उतरंड संगीताच्या आतूनच मोडण्याचे काम १९४०च्या सुमारास हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊस आणि मन्रोज अपटाऊन हाऊस या ठिकाणी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांत सुरू झाले. केनी क्लार्क यांनी लयीचा मुख्य प्रवाह पायाखालच्या ढोलावरून काढून उजव्या हाताच्या मोठ्या झांजेवर नेला. तबल्याशी परिचित असलेल्या वाचकाला याचा अर्थ चटकन कळेल : ठेका धरून ठेवण्याचे बंधन एका हातावर सोपवले की उरलेला हात आणि दोन्ही पाय बोलायला मोकळे होतात. क्लार्क यांनी उघडलेल्या या दारातून आत जाऊन रोच यांनी घर बांधले. समोरचा सॅक्सोफोनवादक एक वाक्य म्हणेल, तर ड्रमने त्याला उत्तर द्यावे, प्रसंगी त्याच्याशी भांडावे, अशी संवादाची रीत त्यांनी घालून दिली. १९६६ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ ही त्यांची एकल रचना आवर्जून ऐकण्यासारखी आहे. दोन्ही पाय तीन मात्रांचे एक साधे आवर्तन अखंड चालू ठेवतात, जणू आपल्याकडचा लेहरा. आणि हात त्यावर हवे तेवढे थांबून, श्वास घेत, एखाद्या वक्त्याप्रमाणे बोलत राहतात. वेगाच्या प्रदर्शनाचा तेथे मागमूस नाही.

‘बीबॉप’ नावाने ओळखल्या गेलेल्या या नव्या संगीताचे वर्णन काही प्रतिभावंतांचा चमत्कार असे केले जाते. प्रतिभा होतीच. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्याविषयी कोण शंका घेईल? परंतु संगीताचा इतिहास लिहिणारे सहसा अर्थसंकल्प वाचत नाहीत. महायुद्धामुळे वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आल्यामुळे पंधरा-वीस माणसांचा वाद्यवृंद गावोगाव नेणे परवडेनासे झाले. त्यात १९४४ साली अमेरिकन सरकारने, जेथे नृत्य वा गायन होते अशा करमणुकीच्या स्थळांच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसवला. त्याच वर्षी तो २० टक्क्यांवर आणला गेला, तरी तो ओझेच होता. नृत्य नाही, गायन नाही, केवळ वाद्ये, अशा कार्यक्रमाला मात्र सूट होती. क्लबमालकांनी हिशेब केला आणि नाचाची जागा टेबलखुर्च्यांनी भरून काढली. लोक बसून ऐकू लागले. पावलांना ताल पुरवण्याच्या वेठबिगारीतून ड्रमवादक सुटला, त्याला या कराचाही हातभार लागला. स्वतः रोच पुढे मुलाखतींतून हे कारण आवर्जून सांगत. आपल्या कलेच्या जन्मकथेत अबकारी कराला जागा देणारा कलावंत विरळाच.

याच काळातील दुसरी घटना कामगार चळवळीच्या अभ्यासकांनी विसरू नये अशी आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेने, अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्स यांवर वाजणाऱ्या तबकड्यांनी वादकांचा रोजगार हिरावला आहे. तेव्हा विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे कंपन्यांनी बेकार वादकांसाठी काही रक्कम निधीत भरावी, अशी मागणी होती. यंत्रामुळे होणाऱ्या नफ्यात यंत्राने विस्थापित केलेल्यांचा वाटा, हे तत्त्व त्यात होते. डेक्का कंपनी १९४३ साली नमली. कोलंबिया आणि व्हिक्टर या बलाढ्य कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४पर्यंत दम धरला, पण अखेर त्यांनाही करार करावा लागला. विजय मोठा होता. परंतु त्याच संघटनेच्या अनेक शहरांतील शाखा गोऱ्यांच्या वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. लॉस एंजेलिस येथे त्या एकत्र झाल्या त्या १९५३ साली. वर्गाच्या नावाने लढणाऱ्या संघटनेच्या पोटात वर्ण आणि जात सुखाने नांदू शकतात, हे आपणांस परक्या देशाच्या उदाहरणावरून शिकण्याची फारशी गरज नाही.

बहिष्कार उठत असताना नवे संगीत प्रथम तबकडीवर आणले ते छोट्या कंपन्यांनी. फेब्रुवारी १९४४मध्ये कोलमन हॉकिन्स यांच्या नेतृत्वाखाली अपोलो कंपनीसाठी झालेले ध्वनिमुद्रण बीबॉपचे पहिले मानले जाते. ड्रमवर वीस वर्षांचे रोच होते. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी पार्कर यांनी ‘को-को’ वाजवले, तेव्हाही ड्रमवर रोचच. या तबकडीचा एक अपुरा राहिलेला प्रयत्न उपलब्ध आहे. वादक ‘चेरोकी’ या लोकप्रिय गीताची चाल धरतात आणि मध्येच थांबवले जातात. कारण असे सांगतात की, ती चाल वाजली असती, तर कंपनीला मूळ रचनाकाराला मानधन द्यावे लागले असते. स्वरसंगतीचा सांगाडा जुनाच ठेवायचा, त्यावर नवी चाल बसवायची आणि मानधन वाचवायचे, अशी ही युक्ती. तिच्यातून अजरामर संगीत निघाले, तबकडीवरचा नफा मात्र कंपनीच्याच वहीत जमा होत राहिला.

ही वही आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न रोच यांनी १९५२ साली केला. चार्ल्स मिंगस हे बासवादक, त्यांच्या पत्नी सीलिया आणि रोच यांनी मिळून ‘डेब्यू रेकॉर्ड्‌स’ ही वादकांच्याच मालकीची कंपनी काढली. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि रोच एकाच मंचावर आले. त्याच रात्री हेवीवेट मुष्टियुद्धाचा मोठा सामना असल्याने सभागृह निम्मेदेखील भरले नाही, आणि वादकांना मिळालेले धनादेश वटले नाहीत असे सांगितले जाते. मिंगस यांनी मात्र मैफल ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. मानधन बुडाले, फीत हाती राहिली; ती डेब्यूने प्रसिद्ध केली. पार्कर दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने तबकडीवर त्यांचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापावे लागले. विसाव्या शतकातील एक थोर वादक, आणि स्वतःच्या नावावरही त्याचा हक्क नाही!

डेब्यू १९५७ साली बंद पडली. ‘कलावंतांना व्यवहार कळत नाही’ हे यावरचे ठरावीक भाष्य निव्वळ आळशीपणाचे आहे. ध्वनिमुद्रण करणे आणि तबकड्या छापून घेणे तेव्हा छोट्या मंडळींच्या आवाक्यात आले होते. आवाक्याबाहेर होती ती विक्रीव्यवस्था. वितरक माल आज उचलतो आणि पैसे काही महिन्यांनी देतो. तेवढे दिवस कळ काढायला खेळते भांडवल लागते आणि ते बड्या कंपन्यांपाशीच असते. उत्पादनाचे साधन हाती आले तरी बाजाराची वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल, तर मालकी कागदावर राहते. कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. डेब्यूचा संग्रह पुढे कॅलिफोर्नियातील फँटसी कंपनीकडे गेला. ज्या मैफलीचे मानधन मिळाले नव्हते, तिच्या आवृत्त्या आजही निघत असतात.

१९५४ साली रोच यांनी तरुण ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राऊन यांच्याबरोबर पाच जणांचा संच उभारला. दोन वर्षांतच तो अमेरिकेतील उत्तम संचांपैकी एक गणला गेला. २६ जून १९५६ रोजी पेनसिल्व्हेनियात मोटार अपघातात ब्राऊन आणि संचातील पियानोवादक रिची पॉवेल यांचा अंत झाला. ब्राऊन पंचवीस वर्षांचे होते. रोच त्यानंतर काही काळ मद्याच्या आणि विषण्णतेच्या आहारी गेले. संच मात्र त्यांनी मोडला नाही.

जुलै १९६०मध्ये न्यूपोर्ट येथील जॅझ महोत्सवाविरुद्ध मिंगस व रोच यांनी बंड केले. श्रीमंतांच्या या विहारस्थानी भरणाऱ्या महोत्सवात गर्दी खेचणाऱ्या मोजक्या नावांना मोठे मानधन आणि इतरांना तुटपुंजे, असा त्यांचा आक्षेप होता. तेथून जवळच क्लिफ वॉक मॅनर या हॉटेलच्या आवारात त्यांनी समांतर महोत्सव भरवला. कुंपण वादकांनी घातले, खुर्च्या त्यांनीच मांडल्या, पैसेही त्यांनीच गोळा केले. मुख्य महोत्सवाच्या बाहेर दारू प्यालेल्या हजारो कॉलेज तरुणांनी दंगल केल्यामुळे तो अर्ध्यावर बंद करावा लागला, आणि बंडखोरांचा लहानसा महोत्सव चालू राहिला. त्यातून वादकांची एक संघटनाही निघाली, पण ती फार काळ टिकली नाही. असंतोषातून संस्था काढणे जमते, तिचा रोजचा हिशेब ठेवायला माणसे मिळत नाहीत, हा अनुभव या पानाच्या वाचकांपैकी अनेकांनी घेतलेला असेल.

त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोच यांची सर्वांत महत्त्वाची कृती साकार झाली : ‘वुई इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट’. कवी-गायक ऑस्कर ब्राऊन (धाकटे) यांच्यासह गुलामगिरीच्या मुक्तिघोषणेच्या १९६३ सालच्या शताब्दीसाठी ही रचना योजली होती. पण १ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे, म्हणजे रोच यांच्याच जन्मराज्यात, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले, आणि हा सत्याग्रह वणव्यासारखा पसरला. २१ मार्च रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार करून ६९ जणांना ठार केले. तीन वर्षे थांबणे अशक्य झाले. तबकडीच्या वेष्टनावर काउंटरवर बसलेले तीन कृष्णवर्णीय आणि त्यांच्यामागे उभा असलेला गोरा नोकर असे छायाचित्र आहे.

पाच भागांच्या या रचनेतील पहिला भाग, ‘ड्रायव्हा मॅन’, सर्वश्रेष्ठ म्हणावा लागेल. मळ्यावरच्या मुकादमाविषयीचे हे गीत पाच मात्रांत बांधलेले आहे आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ड्रमचा एक कोरडा आघात पडतो. तो चाबकाचा आहे की दगड फोडणाऱ्या घणाचा, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. सॅक्सोफोनवर पंचावन्न वर्षांचे कोलमन हॉकिन्स होते. त्यांच्या वादनात एके ठिकाणी सुरी चिरकली. ती जागा कापून दुरुस्त करू नका, असल्या विषयावरच्या कामात सारेच निर्दोष असणे बरोबर नाही, असे त्यांनी सांगितले. ती चिरक आजही त्या तबकडीवर आहे. मधल्या भागात प्रार्थना, निषेध आणि शांती अशा तीन अवस्था आहेत. त्यात गायिका ॲबी लिंकन शब्दांवाचून गातात, आणि निषेधाच्या अवस्थेत मिनिटभराहून अधिक काळ केवळ किंचाळतात. सोबतीला फक्त रोच यांचे ड्रम. पुढच्या दोन भागांत आफ्रिका येते, नायजेरियाचे ओलातुंजी येतात, शेवटी शार्पव्हिलचा शोक येतो. चौथा भाग थोडा विस्कळीत आहे. आफ्रिकेतील जमातींची नावे घेतल्याने आफ्रिका उभी राहतेच असे नाही. शेवट कसा करावा आणि संताप किती असावा, यावर रोच आणि ब्राऊन यांचे मतभेद झाले. चळवळीत अहिंसा आणि उग्रता यांचा जो वाद चालू होता, तोच येथे दोन कलावंतांमध्ये झडला.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने या तबकडीवर बंदी घातली. अमेरिकेत बंदीची गरजच पडली नाही. तबकडी काढणारी कँडिड ही छोटी कंपनी लवकरच बंद झाली. ॲबी लिंकन यांच्या पुढच्या तबकडीवर एका समीक्षकाने, त्या आपले कृष्णवर्णीयत्व मिरवतात, अशा अर्थाची टीका केली. त्यावर ‘डाउनबीट’ या नियतकालिकाने १९६२ साली परिसंवाद घेतला. त्यात रोच आणि लिंकन समीक्षकांसमोर बसून बोलले. पण स्वतःच्या नावाची नवी तबकडी लिंकन यांना त्यानंतर दशकभर करता आली नाही, आणि पुढे केली ती जपानमध्ये. आपल्याला काळ्या यादीत टाकले गेले, असे रोच यांनीही बोलून दाखवले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या नावावरच्या तबकड्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पोलिसांच्या बंदीत निदान एक प्रामाणिकपणा असतो. बाजार नुसता दूरध्वनी करायचे थांबवतो.

१९ मे १९६१ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे जुने सहकारी माइल्स डेव्हिस यांची एका आफ्रिकाविषयक संस्थेच्या मदतीसाठी मैफल चालू असताना रोच निषेधाचा फलक घेऊन थेट मंचावर जाऊन बसले. संस्थेच्या आफ्रिकेतील हेतूंविषयी त्यांना शंका होती. डेव्हिस संतापून आत निघून गेले आणि काही वेळाने परतून वाजवू लागले. मित्राच्या मैफलीत असे करावे काय? बहुतेक रसिक ‘नाही’ म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. परंतु सभेला गर्दी जमेपर्यंत गाणी म्हणवून घ्यायची आणि वक्ता आला की गायकाला खाली बसवायचे, ही ज्या चळवळींची रीत, त्यांनी रोच यांना औचित्य शिकवू नये. कला ही चळवळीची सजावट नव्हे, तिलाही मत असते आणि ते कधीकधी गैरसोयीचे असते, हे त्या फलकाने सांगितले.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीस रोच यांनी ॲम्हर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अध्यापन पत्करले. क्लबमालकाच्या लहरीवर न चालणारा पगार हाती आल्यावर ते अधिक धीट झाले. १९७९ साली पियानोवादक सेसिल टेलर यांच्याबरोबर त्यांनी अत्यंत कठीण जुगलबंदी केली. पुढे मुलगी मॅक्सीन हिचा समावेश असलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीला आपल्या संचाशी जोडले. १९८३ साली, त्यांच्या पिढीतील बहुतेक वादक नाक मुरडत असताना, ते हिपहॉपवाल्या तरुणांबरोबर मंचावर आले. गरीब वस्तीतील मुलांना वाद्ये मिळाली नाहीत तेव्हा त्यांनी शब्द आणि ठेका यांतूनच संगीत घडवले, असे ते म्हणत. १९८८ साली त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. १६ ऑगस्ट २००७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ‘फ्रीडम नाऊ स्वीट’ २०२२ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केली. राष्ट्राला त्यासाठी ६२ वर्षे लागली.

या सन्मानांपेक्षा अधिक लक्ष द्यावे असे त्यांचे एक काम १९७० सालचे आहे. ‘म्बूम’ नावाचा केवळ तालवाद्यांचा संच त्यांनी त्या वर्षी जमवला. रॉय ब्रुक्स, जो चेंबर्स, ओमार क्ले, वॉरन स्मिथ, फ्रेडी वेट्स असे ड्रमवादक त्यात होते, आणि ते सर्वच आजवर दुसऱ्या कोणाच्या तरी मागे बसून वाजवत आलेले. येथे पुढे उभे राहणारे कोणीच नव्हते. जगभरची तालवाद्ये मंचावर मांडलेली असत, सगळे जण आळीपाळीने सगळी वाद्ये वाजवत, आणि रचनाही एकट्या रोच यांच्या नसत; प्रत्येकाने आपली आणायची, आणि इतरांनी ती शिकून घ्यायची.